बलात्काराच्या तपासातील डी.एन.ए. चाचणी : काय जपावे, काय समजून घ्यावे

स्मरणिकेच्या पानांवर हा विषय घ्यावा की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. स्मरणिका घरातील लहानथोर सर्वच वाचतात. शिवाय या विषयाचे नाव निघाले की आपल्याकडे बोलणारा आवाज खाली आणतो आणि ऐकणारा दाराकडे पाहतो. परंतु ज्या प्रसंगी काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे गरिबाच्या लेकीचा न्याय कायमचा हातचा जातो, त्या प्रसंगाची माहिती आधीच घेऊन ठेवणे हे कल्याणाचेच काम होय, असे ठरवून आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वस्तीतून आम्हाला रात्री उशिरा बोलावणे आले. आम्ही पोहोचलो तेव्हा आईने मुलीला ऊन पाण्याने आंघोळ घातली होती आणि तिचे कपडे बादलीत भिजत घातले होते. त्या माऊलीच्या मायेला दोष देण्याचे आमच्या मनातही येणार नाही. लेकीच्या अंगावरची घाण धुऊन टाकावी, एवढेच तिला सुचले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीला घेऊन रुग्णालयात गेलो, तर “आधी पोलिसांचे पत्र आणा” असे उत्तर मिळाले. पत्र येईपर्यंत संध्याकाळ झाली. पुढे कित्येक महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यात ‘काही आढळले नाही’ अशा अर्थाचे दोन शब्द होते. त्या दोन शब्दांवरून अर्धी वस्ती म्हणू लागली की मुलगी खोटे बोलली.

ते दोन शब्द खरे होते. त्यांचा वस्तीने लावलेला अर्थ खोटा होता. हा फरक प्रत्येक घरात समजावा आणि ज्या पुराव्याचे रक्षण पहिल्या काही तासांत आपल्याच हातून व्हायचे असते तो वाया जाऊ नये, या दोन हेतूंनी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

डी.एन.ए. म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या केंद्रकात एक अतिसूक्ष्म, पिळाच्या शिडीसारखा दुहेरी धागा असतो. त्यालाच डी.एन.ए. म्हणतात. या धाग्याचा अर्धा वाटा आईकडून आणि अर्धा बापाकडून आलेला असतो. रक्त, लाळ, वीर्य, केसाचे मूळ, त्वचा, नखाखाली अडकलेला मांसकण, यांपैकी कशातूनही तो काढता येतो. शरीराच्या कोणत्याही भागातून काढला तरी त्या माणसाचा डी.एन.ए. सारखाच येतो आणि जन्मापासून मरेपर्यंत तो ओळखीपुरता बदलत नाही.

सर्व माणसांचा डी.एन.ए. बव्हंशी सारखाच असतो. त्यात जात नसते, धर्म नसतो, श्रीमंती-गरिबी नसते. मात्र धाग्यावर काही ठराविक ठिकाणे अशी आहेत की जेथे रासायनिक अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एकाच्या धाग्यावर तो अकरा वेळा येईल, दुसऱ्याच्या चौदा वेळा. प्रत्येक ठिकाणी माणसाजवळ असे दोन आकडे असतात, एक आईकडचा व एक बापाकडचा. आजच्या चाचणीत अशी वीसच्या आसपास किंवा त्याहून अधिक ठिकाणे मोजतात.

एकाच ठिकाणचे आकडे अनेकांचे जुळतील. पण सर्वच ठिकाणचे कसे जुळणार? समजण्यापुरते एक ढोबळ उदाहरण घेऊ. एका ठिकाणचे आकडे दहांपैकी एका माणसाशी जुळतात असे धरले, तर दोन ठिकाणचे शंभरांत एकाशी, तीन ठिकाणचे हजारांत एकाशी आणि दहा ठिकाणचे एक हजार कोटींत एकाशी जुळतील. अवघ्या जगाची लोकसंख्या सुमारे आठशे कोटी आहे. या चाचणीचे बळ या गुणाकारात आहे. अपवाद एकच, तो म्हणजे एकाच बीजांडापासून जन्मलेल्या जुळ्यांचा. त्यांना ही नेहमीची चाचणी वेगळे करू शकत नाही.

पहिला उपयोग : निरपराध्याची सुटका

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात डॉ. अलेक जेफ्रीज यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये डी.एन.ए. वरून माणूस ओळखण्याची रीत शोधून काढली. तिचा गुन्ह्याच्या तपासातील पहिला उपयोग त्याच भागात झाला आणि ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

लेस्टरजवळच्या नारबरो गावात १९८३ साली आणि शेजारच्या एंडरबी गावात १९८६ साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून करण्यात आले. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला पकडले. त्याने दुसरा गुन्हा कबूलही केला. पहिला मात्र तो नाकारीत होता. दोन्ही गुन्हे त्याचेच आहेत हे सिद्ध व्हावे म्हणून पोलिसांनी जेफ्रीज यांच्याकडे नमुने दिले. चाचणीने सांगितले की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत, पण तो माणूस हा मुलगा नव्हे! कबुली देऊन बसलेला मुलगा सुटला. डी.एन.ए. चाचणीने निर्दोष ठरलेला जगातील तो पहिला माणूस होय.

पुढे पोलिसांनी आसपासच्या गावांतील हजारो पुरुषांचे रक्त व लाळ तपासली, तरी कोणाचाच नमुना जुळेना. कॉलिन पिचफोर्क नावाच्या बेकरी कामगाराने आपल्या जागी एका सोबत्याला रक्त द्यायला पाठविले होते. तो सोबती दारूच्या गुत्त्यात ही गोष्ट बोलून गेला, ती एका बाईने ऐकली आणि पोलिसांना कळविली. सप्टेंबर १९८७ मध्ये पिचफोर्क पकडला गेला, त्याचा नमुना जुळला आणि जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

या हकीकतीतून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्यांना आपल्या पोरांवर खोटा आळ येईल अशी भीती वाटते, त्यांनी या चाचणीला भिऊ नये. तिने पहिल्याप्रथम निरपराध्यालाच सोडविले. आणि दुसरी गोष्ट अशी की, चाचणी कितीही पक्की असली तरी नमुना कोणाचा, तो कोणी दिला, कोणी घेतला, हे माणसांनीच नीट पाहावे लागते.

आपल्या देशात

भारतात या शास्त्राचा पाया हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी घातला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःची पद्धत विकसित केली आणि १९८९ साली केरळातील एका पितृत्वाच्या दाव्यात भारतीय न्यायालयात तिचा उपयोग झाला. महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात. मुंबईत कलिना येथे त्यांचे मुख्य ठिकाण असून नागपूर, पुणे, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती वगैरे ठिकाणीही प्रयोगशाळा आहेत. पोलीस ठाण्यात अजूनही ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात तो येथूनच येतो.

ही सोय नव्हती तेव्हा काय होत असे, हे पाहण्यासाठी लांब जायला नको. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चांदा, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी होते दोन पोलीस. रासायनिक तपासणीत मुलीच्या कपड्यांवर आणि एका आरोपीच्या पायजम्यावर वीर्याचे डाग सापडले. परंतु डाग वीर्याचा आहे, एवढेच त्या काळचे शास्त्र सांगू शकत होते. कोणाचा, हे नाही. सत्र न्यायालयाने दोघांना सोडताना या डागांची वेगवेगळी कारणे लावली. मुलीचा संबंध दुसऱ्या कोणाशीही आला असेल, असा त्यांचा रोख होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिली. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केलेली दिसत नव्हती, सबब तिची संमती होती!

आज ते डाग प्रयोगशाळेत गेले असते तर “दुसऱ्या कोणाचा तरी असेल” ही पळवाट बंद झाली असती. पण “तिची संमती होती” ही दुसरी पळवाट कोणत्याही डी.एन.ए. चाचणीने बंद झाली नसती. ती बंद करण्यासाठी माणसांना उठावे लागले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध आला हे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरून चालावे, असा नियम झाला. २०१३ च्या दुरुस्तीने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती मानता येत नाही, असे कायद्यातच लिहिले गेले.

वाचकांनी हा भेद पक्का ध्यानात ठेवावा. डी.एन.ए. चाचणी “कोणाचे?” या प्रश्नाचे उत्तर देते. “तिच्या मनाविरुद्ध होते काय?” या प्रश्नाचे उत्तर ती बाईच देऊ शकते आणि तिचा शब्द ऐकण्याला शास्त्र हा पर्याय नाही.

प्रयोगशाळेत काय चालते?

डॉक्टर तपासणीच्या वेळी कापसाच्या बोळ्याने शरीरातील व अंगावरील स्राव टिपून घेतात, नखांखालचा मळ काढतात, सुटे केस घेतात, कपडे ताब्यात घेतात. आरोपीचे नमुने वेगळे घेतले जातात.

बाईच्या अंगावरून घेतलेल्या बोळ्यावर तिच्या स्वतःच्या पेशी पुष्कळ आणि पुरुषाच्या थोड्या असतात. त्या वेगळ्या कशा करायच्या? निसर्गाने येथे एक सोय करून ठेवली आहे. शुक्रजंतूचे डोके फार चिवट असते. प्रथम सौम्य रसायन घातले की बाईच्या पेशी फुटतात आणि त्यांचा डी.एन.ए. द्रवात उतरतो, शुक्रजंतूंची डोकी मात्र तशीच राहतात. नळी जोराने गरगर फिरविली की ती तळाशी बसतात. वरचा द्रव काढून घेऊन खालच्या साक्याला तीव्र रसायन दिले की पुरुषाचा डी.एन.ए. वेगळा मिळतो. ही युक्ती १९८५ पासून ठाऊक आहे आणि आजही प्रयोगशाळांत वापरली जाते.

मिळालेला अंश फार थोडा असतो. म्हणून पी.सी.आर. नावाच्या पद्धतीने हव्या त्या तुकड्यांच्या लाखो नकला तयार करतात. या पद्धतीच्या शोधाबद्दल कॅरी मुलिस यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी पैशाएवढा डाग लागे. आता ग्रॅमचा एक अब्जांश भाग, म्हणजे सुमारे दीडशे पेशींतला डी.एन.ए. पूर्ण चाचणीला पुरतो.

गुन्हेगाराची नसबंदी झालेली असेल किंवा शुक्रजंतूच सापडत नसतील, तरीही वाट बंद होत नाही. फक्त पुरुषात असणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्राची वेगळी चाचणी करता येते. मात्र हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे उतरते. त्यामुळे बाप, मुलगा, भाऊ, चुलता यांच्यात ती चाचणी फरक करू शकत नाही. अशा अहवालाचा अर्थ “या घराण्यातील पुरुष” एवढाच घ्यावयाचा असतो.

पहिले तास : आपल्या हातात काय आहे?

प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली तरी तिच्यापर्यंत जे पोहोचते त्याचीच ती चाचणी करणार. म्हणून पुढील गोष्टी कार्यकर्त्यांनी आणि विशेषतः आयाबहिणींनी ध्यानात ठेवाव्यात.

१) सर्वांत आधी मुलीचा जीव आणि तिचे मन. ती जखमी असेल तर उपचाराला क्षणाचाही उशीर करू नये. गर्भ राहू नये यासाठीच्या आणि एच.आय.व्ही.ची बाधा टाळण्याच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या. ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्यात. पुरावा हा त्यानंतरचा विचार आहे.

२) जमल्यास तपासणीपूर्वी आंघोळ करू नये, अंग पुसू नये, चूळ भरू नये, नखे कापू नयेत, केस विंचरू नयेत. लघवीला जावे लागले तर जावे, पण धुऊ नये.

३) अंगावरचे कपडे तसेच ठेवून जावे आणि बदलायला दुसरा जोड बरोबर न्यावा. कपडे आधीच बदलले असतील तर ते धुऊ नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवावेत आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत किंवा स्वच्छ कागदात गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. तिच्यात दमटपणा कोंडतो, बुरशी धरते आणि डी.एन.ए. कुजतो. अंथरूण, गोधडी, चटई यांनाही हेच लागू.

४) घटना घडली ती जागा झाडू नये, सारवू नये, तेथे गर्दी जमू देऊ नये. पोलीस पंचनामा करीपर्यंत कोणीतरी राखण करावी.

५) शरीरातील पुरावा साधारणपणे ९६ तासांपर्यंत, म्हणजे चार दिवस मिळण्याची शक्यता धरतात. केंद्रीय आरोग्य खात्याने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हीच मर्यादा आहे. पण चार दिवस आहेत म्हणून थांबायचे नसते. पहिल्या दिवशी जे सापडते ते चौथ्या दिवशी सापडेलच असे नाही.

६) आणि हे सर्व चुकले तरी जावेच. आंघोळ झाली, कपडे धुतले, आठवडा उलटला, म्हणून घरी बसू नये. धुतलेल्या कपड्यांतूनही पुरुषाचा डी.एन.ए. मिळाल्याची उदाहरणे आहेत. जखमा दिसतात, जबाब नोंदविता येतो, साक्षीदार मिळतात. “आता काय उपयोग?” हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये.

रुग्णालयात गेल्यावर “पोलिसांचे पत्र आणा” असे कोणी म्हणाले तर काय करावे? सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर तातडीने व मोफत उपचार करून पोलिसांना कळविले पाहिजे, असा कायदा २०१३ सालापासून आहे. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयचालकाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. तपासणी बाईच्या संमतीनेच होते आणि संमतीचा कागद तिला वाचून दाखविला पाहिजे. ‘दोन बोटांची चाचणी’ म्हणून जो अपमानकारक प्रकार चालत असे, तो २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरविला आणि २०२२ साली, यापुढे तो करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले. बाईच्या पूर्वायुष्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही.

साखळी तुटली तर...

नमुना बाईच्या अंगावरून निघतो तो डॉक्टरच्या हातातून पोलिसांच्या हातात, तेथून मुद्देमालाच्या खोलीत आणि तेथून प्रयोगशाळेत जातो. या प्रवासात तो कोणाकडून कोणाकडे, किती वाजता, कोणत्या मोहोरेने गेला, याची नोंद अखंड असली पाहिजे. एक कडी तुटली की उरलेली साखळी न्यायालयात कामाची राहत नाही.

दिल्लीत १९९६ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा होता. डी.एन.ए. जुळल्याचा अहवाल असूनही १९९९ साली सत्र न्यायालयाने तो विश्वासार्ह मानला नाही आणि आरोपी सुटला. २००६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तोच अहवाल ग्राह्य धरून त्याला दोषी ठरविले आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून फाशीऐवजी जन्मठेप दिली. मुलीच्या वृद्ध वडिलांना त्यासाठी चौदा वर्षे झुंजावे लागले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये दिल्लीच्याच छावला भागातून पळवून नेलेल्या तरुणीच्या खटल्यात खालच्या दोन्ही न्यायालयांनी तिघांना फाशी दिली होती. परंतु १४ व १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतच पडून राहिले. त्यात फेरफार झालाच नसेल असे म्हणता येत नाही, हे एक प्रमुख कारण देऊन २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. त्या आईबापांना उत्तर कोण देणार?

आपल्या महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्यात २००७ साली एका चिमुरडीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात डी.एन.ए.साठी नमुने घेतलेले असूनही तो पुरावा सरकार पक्षाने न्यायालयापुढे आणलाच नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल कडक शब्द वापरले आणि आरोपीची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. आणि खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातील त्या गावात आपल्या समाजातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या करून मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. खुनाबद्दल शिक्षा झाल्या. बलात्काराचा आणि जातीय अत्याचाराचा आरोप मात्र न्यायालयात सिद्ध ठरला नाही. पाणी आणि वेळ हे पुराव्याचे दोन मोठे वैरी आहेत. त्यांना संधी मिळाली की नंतरचे मोर्चे कितीही मोठे निघोत, गेलेला पुरावा परत येत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. डी.एन.ए. नमुन्याच्या पाकिटावर गुन्ह्याचा क्रमांक, कलमे, तपासी अधिकाऱ्याचे नाव असावे, डॉक्टर, अधिकारी व पंच यांच्या सह्या असाव्यात, नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि हातोहात प्रवासाची नोंदवही ठेवावी. कार्यकर्त्याने तपासात ढवळाढवळ करू नये. परंतु “साहेब, नमुने कोणत्या तारखेला रवाना झाले?” एवढे विचारण्याचा फिर्यादीला पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न तिसऱ्या दिवशी लेखी अर्जाने विचारावा आणि पोच घ्यावी.

अहवालाचा अर्थ

अहवाल जुळला, तर तो जैविक अंश त्या माणसाचा आहे. पुढचे न्यायालय ठरवील. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर संमतीचा प्रश्नच कायद्यात उद्भवत नाही.

अहवाल जुळला नाही आणि दुसऱ्याच पुरुषाचा अंश निघाला, तर पकडलेला माणूस तो नसण्याची शक्यता गंभीरपणे तपासली पाहिजे. येथे आपला-परका पाहू नये. एंडरबीचा तो सतरा वर्षांचा मुलगा आठवावा.

अहवालात काहीच आढळले नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या बोळ्यावर, त्या कपड्यावर काही सापडले नाही. उशीर झाला असेल, धुणे झाले असेल, निरोध वापरला असेल, वीर्य सांडलेच नसेल, नमुना नीट घेतला नसेल किंवा वाटेत कुजला असेल. २०१३ पासूनच्या कायद्यात बलात्काराच्या व्याख्येला वीर्याची अट नाही. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल, तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. म्हणून रिकाम्या अहवालावरून कोणाच्या लेकीला खोटी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कायद्याने दिलेली साधने

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तो नोंदविता येतो. बलात्काराची खबर नोंदविण्यास नकार देणाऱ्या पोलिसाला कमीत कमी सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा आहे. पोलिसांना खबर मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला तपासणीसाठी डॉक्टरकडे पाठविले पाहिजे आणि डॉक्टरने सात दिवसांत अहवाल द्यावयाचा आहे. आरोपीच्या डी.एन.ए. तपासणीची तरतूद २००६ सालीच कायद्यात आली, ती कायम आहे. पीडिता अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लावण्याचा आग्रह धरावा. त्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध समाजही अनुसूचित जातींच्या आदेशात येतो, म्हणून जातीचा दाखला घरात तयार ठेवावा.

स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्य मिळते. तातडीच्या वेळी ११२ आणि लहान मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पाठ असावेत. आणि पीडितेचे नाव-गाव छापणे, सांगणे, पसरविणे हा गुन्हा आहे. म्हणूनच या लेखात आम्ही एकाही मुलीचे नाव दिलेले नाही. मोबाईलवर फोटो फिरविणाऱ्या आपल्या तरुणांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

शेवटी

आरंभी ज्या मुलीची हकीकत सांगितली, तिच्या आईने नंतर आम्हाला विचारले होते, “मला आधी कोणी सांगितले का नाही?” त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही सभा घेत होतो, जयंत्या साजऱ्या करीत होतो, वह्या-पुस्तके वाटीत होतो. पण कपडे कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकमध्ये नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या माऊलीपर्यंत आम्ही पोहोचविली नव्हती.

प्रत्येक वस्तीत निदान दोन बायका आणि एक तरुण यांनी ही माहिती समजून घ्यावी, जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता आणि रात्री गाडी देणाऱ्या माणसाचे घर माहीत करून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे. त्यांना या माहितीचा उपयोग करण्याची वेळ कधीच न येवो. पण आली, तर त्या रात्री कोणत्याही मुलीच्या आईला एकटीने ठरवावे लागू नये.